सही करण्यापूर्वी : नोकरी सुटताना मिळणारा कागद आणि वकिलाचा सल्ला



या सदरात आम्ही आजवर बेणे, लागण, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयीच लिहीत आलो. या वेळचा विषय निराळा आहे आणि खरे म्हणजे तो आमच्या खात्याचाही नाही. पण गेली काही वर्षे गटसभा संपून मंडळी उठली की कोणीतरी एक जण मागे रेंगाळतो, खिशातून घडी घातलेला कागद नाहीतर मोबाईल काढतो आणि म्हणतो, "साहेब, एवढं जरा वाचून सांगा." तो कागद ऊसनोंदीचा नसतो. वाळूज, चाकण किंवा रांजणगावच्या कंपनीने तो मुलाच्या हाती दिलेला असतो. नोकरी संपली, अमुक रक्कम घ्या आणि खाली सही करा, एवढाच त्याचा मतलब.

कळमनुरी तालुक्यात असे कागद दिसू लागावेत यात नवल नाही. इसापूरच्या कालव्याने काही गावांत ऊस आला, कयाधूकाठी मोटारी बसल्या, तरी अडीच-तीन एकरांत तीन भावांचे भागत नाही. एक मुलगा शेतावर आणि एक कंपनीत, अशी रीतच पडली आहे. ठिबकचा हप्ता आणि लागणीच्या वेळचे खत पुष्कळदा कंपनीतल्या मुलाच्या पगारातून येते. म्हणून त्याच्या नोकरीचा कागद हा घरच्या उसाचाही कागद आहे, असे समजून हे लिहीत आहोत.

आधी आमची स्वतःची चूक सांगतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या गटातील एक जुने सभासद असाच कागद घेऊन आले. मुलाने कंपनीत ७ वर्षे ८ महिने काढली होती. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून महिना २६,००० रुपये. कारखाना साठेक कामगारांचा. काम कमी झाले म्हणून काहींना घरी बसवायचे ठरले होते. कागदावर छापलेले होते, की मी स्वखुशीने राजीनामा देत असून सर्व देणी मिळून १,७५,००० रुपये मिळाले, यापुढे माझा कोणताही दावा राहिलेला नाही. सभासदांनी विचारले, "काय करावं?" आम्ही म्हणालो, "पावणेदोन लाख रोख येतायत ना? घेऊन टाका. कोर्टकचेरी कोणाला परवडते?" मुलाने दुसऱ्या दिवशी सही केली.

आमचे शिक्षण कृषी पदविकेचे. उसावर तांबेरा कशाने आला ते सांगू शकतो, पण कामगार कायद्याचे पुस्तक आम्ही तोवर उघडूनही पाहिले नव्हते. तरी उसाच्या सल्ल्यासारखा ठाम सल्ला दिला. पुढे जळीत उसाच्या एका प्रकरणात कळमनुरीच्या कोर्टात जाणे झाले, तेव्हा तिथल्या एका वकिलांनी बसल्या बसल्या तारखेच्या चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब मांडून दाखविला. तोच इथे देतो.

पहिली बाब उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची. शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षे. सहा महिन्यांवरचा तुकडा पुरे वर्ष धरतात, म्हणून ७ वर्षे ८ महिन्यांची ८ वर्षे झाली. २६,००० चे १५ दिवस १५,०००; त्याचे आठपट १,२०,००० रुपये. दुसरी बाब कामगार कपातीची भरपाई. कपातीत दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. इथे २६ चा भागाकार नाही, सरळ महिन्याचा अर्धा पगार धरतात : १३,००० गुणिले ८, म्हणजे १,०४,००० रुपये. तिसरी बाब, महिनाभर आधी लेखी नोटीस न दिल्यास महिन्याचा पगार : २६,००० रुपये. बेरीज २,५०,००० रुपये. शिल्लक रजेचा पगार आणि बोनसची बाकी याहून वेगळी.

मुलाला मिळाले होते पावणेदोन लाख. पाऊण लाखाचा फरक, तोही रजेचा हिशेब सोडून. पंचवीस-तीस टन उसाचे बिल म्हणा ना. आणि कंपनीने काही बेकायदा केले असेही ठामपणे म्हणता येत नव्हते, कारण कागदावर शब्द होता 'राजीनामा'. राजीनामा देणाऱ्याला, किंवा स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला, कपातीची भरपाई मागता येत नाही. उपदानाचे १,२०,००० दिलेच, वरचे ५५,००० खुशीने दिले, असा हिशेब कंपनी दाखवू शकत होती. वकील म्हणाले, "सहीच्या आधी आले असते तर एका पत्राचं काम होतं." त्या सभासदांना हे सांगायला गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि विषय बदलला. तो चहा आमच्या अजून लक्षात आहे.

आता आपल्या नेहमीच्या गोष्टीवर या. काट्यावर भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ वजन असे तीन आकडे पावतीवर असतात. नुसते निव्वळ वजन लिहून पावती दिली तर आपला सभासद ती घेईल काय? काटा बंद पाडील. 'सर्व देणी मिळून' अशी एका आकड्याची पावती ही तशीच पावती आहे. तेव्हा कागद हाती पडताच पहिली मागणी हीच करावी, की प्रत्येक बाब वेगळ्या रकान्यात लिहून द्या : चालू पगाराची बाकी, नोटीस पगार, कपात भरपाई, उपदान, रजा, बोनस आणि यांपलीकडे जी सानुग्रह रक्कम देत असाल ती. म्हणजे कायद्याने देणे किती आणि सहीच्या बदल्यात देऊ केले किती, ते उघडे पडते. पुष्कळदा दुसरा आकडा शून्य निघतो. भविष्य निर्वाह निधी या बेरजेत धरलेला असेल तर तो तिथून काढायला लावावा. तो मुलाच्या नावावर आधीच जमा असलेला पैसा आहे, कंपनीची देणगी नव्हे.

कायदा अलीकडेच बदलला आहे, हेही ध्यानात ठेवावे. वरचे प्रकरण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या आणि १९७२ च्या उपदान कायद्याच्या काळातले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांच्या जागी औद्योगिक संबंध संहिता २०२० आणि सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाल्या. पगारासाठी वेतन संहिता २०१९ आहे. नोटीस, भरपाई आणि उपदानाचे वर दिलेले हिशेब नव्या कायद्यातही तसेच चालतात. थोडी भर पडली आहे ती अशी. कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात आणखी १५ दिवसांचा पगार, नवे काम शिकण्यासाठीच्या निधीतून, ४५ दिवसांच्या आत जमा व्हावा अशी तरतूद आहे. पगाराची बाकी नोकरी सुटल्यापासून कामाच्या दोन दिवसांत आणि उपदान ३० दिवसांत द्यायचे आहे. उपदानाला पाच वर्षांची सलग नोकरी लागते. मात्र ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला एका वर्षानंतरही प्रमाणात उपदान मिळते. आपली बरीच मुले अशाच नेमणुकीवर आहेत आणि त्यांना हे कोणी सांगत नाही. त्यांची मुदत संपली म्हणून नोकरी संपली तर ती कपात धरत नाहीत, हा मात्र त्यातला तोटा. तीनशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते. पूर्वी हा आकडा शंभर होता.

पगार म्हणजे कोणता पगार, यावरही नवी व्याख्या आहे. घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते मिळून एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून जास्त होत असतील, तर वरचा भाग पगारात धरावा लागतो. मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे अशी पगारचिठ्ठी असेल तर उपदानाचा आकडा त्यामुळे वाढतो. हे गणित मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावे. आम्ही करून पाहिले, दोनदा चुकले.

आता जाणकार कुठून आणायचा? वकिलाची फी ऐकूनच माणूस मागे फिरतो, आणि २०२२ साली आमच्या तोंडून निघालेले वाक्य गावोगाव ऐकू येते. वस्तुस्थिती अशी, की विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला, आणि त्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील कोणाला मिळेल त्याची यादी दिली आहे. त्या यादीत औद्योगिक कामगार आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांनाही ती अट नाही. यादीतल्या अशा वर्गांत न बसणाऱ्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत बसावे लागते. म्हणजे बापाच्या नावावर पाच एकर ऊस आहे म्हणून कंपनीतल्या कामगार मुलाला नाही म्हणता येत नाही. कळमनुरीच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती आहे, तिच्यावर जिल्हा प्राधिकरण आहे, आणि १५१०० हा फोन क्रमांक देशभर चालतो. साध्या कागदावर अर्ज, सोबत आधार, नेमणूकपत्र, ओळखपत्र, दोन-चार पगारचिठ्ठ्या आणि कंपनीने दिलेला कागद. सल्ला, नोटिशीचे उत्तर, दावा, वकील आणि कोर्ट फी या सर्वांचा त्यात समावेश होतो. नोकरी जिथे होती तिथेच बहुधा प्रकरण चालते, तेव्हा वाळूजचे काम छत्रपती संभाजीनगरात आणि चाकणचे पुण्यात जाईल. पण अर्ज आपल्या तालुक्यात देता येतो, इथली समिती तो तिकडे पाठविते.

एक बारकावा आहे. तडजोडीसाठी प्रकरण सरकारच्या समेट अधिकाऱ्यासमोर जाते तेव्हा तिथे वकील उभा राहत नाही. पुढे न्यायाधिकरणातही समोरच्याच्या संमतीने आणि न्यायाधिकरणाच्या परवानगीनेच वकील येतो. कामगार संघटनेचा पदाधिकारी मात्र दोन्हीकडे बाजू मांडू शकतो. म्हणून वकिलाचा खरा उपयोग सुरुवातीलाच आहे : कागद वाचणे, आकडे तपासणे, कंपनीला पत्र लिहिणे. संघटना असेल तर तिच्या माणसाला सोबत घ्यावे.

दुसरा प्रश्न हमखास येतो. "आधी पैसे घेऊ, मग भांडू." हे होत नाही, निदान सहजासहजी होत नाही. राष्ट्रीयीकृत बँकांनी २००० साली स्वेच्छानिवृत्ती योजना आणली, तेव्हा अर्ज केलेल्या काही कर्मचाऱ्यांनी तो मागे घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने म्हटले, की बँकेने मंजूर करण्यापूर्वी अर्ज मागे घेता येतो. पण ज्यांनी योजनेचे पैसे उचलले त्यांना मागे फिरता येणार नाही. खत कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या एका प्रकरणात २००३ साली त्याच न्यायालयाने सांगितले, की स्वेच्छानिवृत्तीची रक्कम ही सर्व हक्क सोडून जाण्याबद्दलच दिलेली असते, ती घेतल्यावर जुन्या पगारवाढीची मागणी उरत नाही. शेजारच्या नांदेडची उस्मानशाही मिल जुन्या सभासदांना आठवत असेल. निजामाच्या राज्यातली ही मिल १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. त्या महामंडळाच्या मिली देशभर बंद होत गेल्या तेव्हाही कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचाच कागद आला होता. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. त्यांतले कितीतरी गावी परतले ते परतलेच. त्या वेळी विधी सेवा प्राधिकरणाचा हा कायदा नव्हता.

तरीही सगळेच सहीने जात नाही. उपदानाचा हक्क करारात लिहून देऊन संपत नाही. वेतन संहितेखालचा पगार किंवा बोनस सोडून देतो असा करार तर रद्दबातलच आहे. दमदाटीने, कोंडून ठेवून किंवा कोऱ्या कागदावर सही घेतली असेल तर करार कायदा १८७२ प्रमाणे तो करार मोडता येतो. पण ते शाबीत करणे आपल्यावर येते, म्हणून तक्रार त्याच दिवशी लेखी गेली पाहिजे. ई-मेलने गेली तर उत्तम, तारीख आपोआप पडते. रक्कम घेणे भागच असेल तर सहीजवळ 'रक्कम मिळाली, हक्क राखून' असे स्वतःच्या हाताने लिहावे व त्याचा फोटो काढावा. कामावरून कमी केल्याचा वाद न्यायाधिकरणाकडे नेण्याची मुदत आता दोन वर्षांची आहे, जुन्या कायद्यात ती तीन होती. आणि त्याआधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून ४५ दिवस थांबावे लागते. तेव्हा हंगाम उरकू दे, मग बघू, असे म्हणत बसू नये.

या कागदांत आणखी एक कलम हल्ली सर्रास दिसते : नोकरी सोडल्यावर दोन वर्षे अशाच दुसऱ्या कंपनीत काम करणार नाही. मुले याला फार घाबरतात. करार कायद्याचे २७ वे कलम म्हणते, की कोणाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द आहे. श्रीरामपूरचे झहीर खान सर्वांना माहीत आहेत. साखर कारखान्यांच्या मुलखातला हा गोलंदाज. जाहिरातीचे काम पाहणाऱ्या कंपनीशी त्यांचा करार संपला, तरी नवा करार करण्यापूर्वी आधी आम्हाला विचारा, असे बंधन ती कंपनी सांगत होती. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हे बंधन करार संपल्यावर चालणार नाही असा निकाल दिला. त्याच कलमाचा आधार वेल्डरलाही आहे. मात्र कंपनीची गुपिते, नकाशे, गिऱ्हाइकांच्या याद्या बाहेर न नेण्याचे बंधन वेगळे. ते पाळावेच लागते.

ज्यांची मुले पर्यवेक्षक आहेत आणि पगार १८,००० च्या वर आहे, किंवा जी व्यवस्थापक आहेत, ती नव्या संहितेत 'कामगार' धरली जात नाहीत. त्यांना कपातीची भरपाई मागता येत नाही, उपदान मिळते. बाकी त्यांच्या नेमणूकपत्रात जे लिहिले असेल ते. मात्र नुसत्या हुद्द्यावर जाऊ नये. नाव सुपरवायझरचे आणि काम दिवसभर मशीनवर, अशी मुले पुष्कळ आहेत, आणि कोर्ट काम पाहते. हे वकिलाला आवर्जून सांगावे. ठेकेदाराकडे असलेल्यांनी ठेकेदाराचे नाव-पत्ता आणि त्याच्या पगाराच्या बँक नोंदी जपून ठेवाव्यात. पुढे तो सापडत नाही. मग निदान थकलेल्या पगारासाठी मूळ कंपनीकडे जाता येते.

गेल्या फेब्रुवारीत आखाडा बाळापूर भागातील एक महिला सभासद आमच्याकडे आल्या. मुलगा वाळूजला, नऊ वर्षे नोकरी. "साहेब, लेकराला सोमवारपर्यंत सही कर म्हणायलेत. इंग्रजीत हाय सगळं." या वेळी आम्ही काहीच सल्ला दिला नाही. मुलाला फोनवर एवढेच सांगितले, की कागदाची प्रत घे, वाचायला आठ दिवसांचा वेळ लेखी माग, आणि गावी ये. कंपनीने आधी कुरकुर केली, मग वेळ दिला. अशी मुदत मागितली म्हणून कोणाची रक्कम बुडालेली आमच्या पाहण्यात नाही. आई आणि मुलगा कळमनुरीच्या समितीत गेले, अर्ज दिला, वकील मिळाले. तिथून कंपनीला पत्र गेले, की मुलाने राजीनामा दिलेला नाही व तो देणार नाही; कमी करायचे असेल तर कपात म्हणून करा आणि बाबवार हिशेब द्या.

तीन आठवड्यांनी नवा कागद आला. मथळ्यातला राजीनामा गेला होता, रकाने पडले होते, आणि एकूण आकडा पहिल्यापेक्षा बराच वर चढला होता. शिल्लक रजेचा रकाना मात्र कोरा होता. अनुभव प्रमाणपत्राचाही उल्लेख नव्हता, आणि ते नसले तर पुढची नोकरी मिळताना अडते. दोन्हीबद्दल वकिलांनी पुन्हा लिहिले आहे.

मागच्या आठवड्यात त्यांच्या खोडव्याची पाहणी करायला गेलो, तेव्हा मुलगा पाचटावर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकत होता. काम नीट चालले होते, फक्त सरीच्या कडेला पाचट थोडे पातळ पडले होते, ते आम्ही दाखविले. कागदाचे विचारले तर म्हणाला, "रजेचा रकाना भरून यायचाय, साहेब. आला की आधी वकीलसाहेबांना दाखवतो."

— ऊस विकास अधिकारी